वेंकोबारावांचा शनिवार

त्या शनिवारी काम नव्हतं. म्हणजे होतं, पण ते सोमवारी केलं असतं तरी चालणार होतं, आणि आम्हां दोघांपैकी हे फक्त मला माहीत होतं. सात वर्षं झाली. बायकोला सांगितलेलं नाही, सांगलीला थोरल्या भावाला नाही, बाकी सगळं ज्याच्यापाशी ओकतो त्या मित्रालाही नाही. आज पहिल्यांदाच सांगतो आहे.

मार्गळी लागली की ते वर येतं. मार्गळी हा इथला धनुर्मास. चेन्नईला थंडी म्हणून जी काही मिळते ती याच महिन्यात. पारा बाविसावर उतरला की अख्खं शहर माकडटोप्या चढवतं. वेलचेरीत आमच्या इमारतीखाली पावसाचं तुंबलेलं पाणी एव्हाना उतरलेलं असतं आणि भिंतीवर त्याची तपकिरी रेघ राहिलेली असते. मैलापूरच्या गल्ल्यांत पहाटे दारांपुढे सडा पडतो, हातभर रुंद रांगोळ्या उमटतात आणि मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचलेलं असतं. देवळातून गरम पोंगलचा, तुपात तळलेल्या मिऱ्यांचा वास येतो. सगळं इतकं निर्मळ असतं की माझ्यासारख्याला त्रास व्हावा.

कारण सात वर्षांपूर्वी, अशाच एका मार्गळीच्या तोंडावर, मी वेंकोबारावांबरोबर जर्मनीला गेलो होतो.

वेंकोबाराव तंजावरकडचे मराठी. तीनशे वर्षांपूर्वी कुणी पूर्वज तिकडे गेला, त्याची मराठी तशीच जपून ठेवलेली, वर तमिळचा हेल. आमच्या कारखान्यात ते मोजमापाच्या खोलीचे प्रमुख होते. क्रँकशाफ्ट बोटांत फिरवून "दोन मायक्रॉन जास्त आहे, घासा" म्हणायचे, आणि यंत्रावर लावलं की दोनच निघायचे. मोजायचं साधन ते कधी उघड्या हातानं धरत नसत. हाताच्या उबेनं पोलाद फुगतं, म्हणून पांढऱ्या हातरुमालाची चौपदरी घडी करून तिच्यात धरायचे. हातमोजे मिळायचे, पण त्यांना रुमालच हवा. त्या रुमालाला कायम साधनांच्या तेलाचा पुसट वास यायचा.

मी त्यांच्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान आणि हुद्द्यानं वर. मला ते 'कुलकर्णीसार' म्हणत. त्यांच्या पाठीमागे पुण्याहून आलेल्या पोरांना मी त्यांच्या बोलण्याची नक्कल करून दाखवायचो. 'मज', 'तुज', 'चोखट आहे'. पोरं हसून लोळायची. एकदा ते मागे येऊन उभे होते. ऐकून म्हणाले, "बेस करता हो सार. माझे काका ऐसेच बोलत." आणि गेले. मला तेव्हा वाटलं, यांना अपमान कळतच नाही. कळत नसलेल्या माणसाचा करायला काय हरकत आहे, असा मी त्याचा अर्थ लावला.

जर्मनीत एक मोठं ग्राइंडिंग मशीन तयार झालं होतं. ते इकडे पाठवण्याआधी तिथे जाऊन तपासायचं, शेवटी सलग पन्नास नग काढायचे, प्रत्येक नग मोजायचा आणि मग सही करायची. मोजायला वेंकोबाराव, सहीला मी. दोघांचाही पहिलाच परदेश.

निघायच्या आठवड्यात ते माझ्या टेबलाशी आले. "सार, तिथे शनिवारी आईचा दिवस येतो. मार्गशीर्ष शुद्ध नवमी. मज दहापासून दोनपर्यंत सोडा. मग संध्याकाळपर्यंत बसतो. बत्तीस वर्षांत एक चुकला नाही."

"तिथे कुठे करणार तुम्ही श्राद्ध? भट कोण?"

"भट नको. तीळ-उदक देतो, भात शिजवतो, पान वाढतो. आईस तेवढं पुरे. ती फार मागणारी नव्हती."

"बघू. त्यांना विचारतो," मी म्हणालो.

विमानतळावर उतरलो आणि पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. इतकी माणसं आणि कुणाचा आवाज नाही. पिशव्यांची चाकं तेवढी कुरकुरत होती. तपासणीच्या टेबलावर वेंकोबारावांची पेटी उघडली गेली. त्यांनी टी. नगरहून घेतलेला मरून स्वेटर, माकडटोपी, छोटा भाताचा कुकर, आणि एका औषधाच्या डबीत काळे तीळ. वर्तमानपत्रात गुंडाळलेले दर्भ. अधिकारी बाईंनी डबी हलवून विचारलं, हे काय? वेंकोबाराव इंग्रजीत म्हणाले, "माझ्या आईसाठी." बाईंनी विचारलं, आई कुठे आहे? ते म्हणाले, "वारली." त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, दोन वाक्यं मी नीट समजावून सांगावीत म्हणून. मी शेजारच्या रांगेत सरकलो आणि फोन कानाला लावला. फोनवर कुणी नव्हतं.

बाहेर थंडीला वास होता. ओल्या दगडाचा, लांबवर जळणाऱ्या लाकडाचा. झाडांवर पान नव्हतं. आठ वाजून गेले तरी उजाडायचं नाव नाही. रस्ता ओलांडायला आम्ही कडेला उभे राहिलो तर येणारी गाडी थांबली. वेंकोबारावांना वाटलं तिचं इंजिन बंद पडलं. ते गाडीवाल्याला ढकलायला मदत हवी का विचारायला निघाले. मी दंडाला धरून ओढलं. "शोभा करू नका," म्हणालो. पुढचे सहा दिवस मी हे वाक्य किती वेळा म्हणालो असेन. बेकरीत ते अंडं नसलेला पाव कोणता म्हणून प्रत्येक पावाकडे बोट दाखवत उभे राहिले, तेव्हा. कारखान्यात बूट बाहेर काढू लागले, तेव्हा. मला परदेश बघायचा होता, आणि जिथे बघावं तिथे आधी त्यांची माकडटोपी दिसत होती.

मशीनचे जुने इंजिनियर होते मार्टिन. साठीचे, जाड भिंगांचे, कमी बोलणारे. वेंकोबाराव रुमालात साधन धरतात हे पाहून दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या खिशातून रुमाल काढला आणि तसंच धरून पाहिलं. दोघं एकाच नगाकडे बघत तासन्‌तास उभे राहायचे. सही माझी असूनही मार्टिन काही विचारायचं झालं तर त्यांच्याकडे वळायचे. हे मला खुपत होतं. आज लिहिताना ते दिसतं, तेव्हा नुसतं खुपायचं.

गुरुवारी त्यांच्या माणसांनी मला जेवायला नेलं. वेंकोबाराव आले नाहीत, खोलीवर ताकभात करतो म्हणाले. टेबलावर चार-पाच तरुण इंजिनियर, मार्टिन आणि मी. गप्पांना रंग यावा म्हणून मी वेंकोबारावांची गोष्ट काढली. विमानतळावरच्या तिळांची. मग म्हणालो, शनिवारी यांची मेलेली आई जेवायला येणार आहे, कावळ्याच्या रूपात. उठून उभा राहिलो, हातात पावाचा तुकडा घेतला, मान वाकडी केली आणि त्यांच्या आवाजात 'काव, काव' करत दोन्ही कोपर पंखांसारखे हलवले. पोरं पोट धरून हसली. एकानं टेबल बडवलं.

मार्टिन हसले नाहीत. हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "हे शनिवारी आहे?"

"हो."

"मग पन्नास नग सोमवारी काढू. मशीन कुठे पळून जात नाही. तुमचं विमान मंगळवारचं आहे. त्यांना शनिवार मोकळा द्या. आमच्या घरामागे ओढा आहे, त्यांना पाणी लागत असेल तर."

यात मला काहीच तोटा नव्हता. मुद्दाम हे लिहितो आहे, कारण सात वर्षं मी मनाशी कारणं रचत आलो आणि एकही टिकलं नाही. सोमवारी काम झालं असतं तर माझाही शनिवार मोकळाच होता. पण एक माणूस हसला नव्हता. टेबलावर मी एकटा कोपर उचललेला राहिलो होतो.

मी म्हणालो, "नको. मी त्यांना विचारलं. ते स्वतःच म्हणाले, आमच्याकडे काम हीच पूजा."

मार्टिननी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर वेंकोबारावांबद्दल आदर दिसला, आणि तोही मला सहन झाला नाही.

शुक्रवारी सकाळी मी वेंकोबारावांना सांगितलं, "विचारलं हो मी. जमत नाही म्हणतात. शनिवारीच काढायचे नग."

"सरि," म्हणाले ते, म्हणजे 'बरं'. "त्यांचं घर, त्यांचा नियम." मग मलाच धीर दिल्यासारखं, "तुम्ही विचारलंत, तेच फार झालं सार."

शनिवारी मी गावात गेलो. नग मोजायला एक माणूस पुरतो. चौकात नाताळचा बाजार भरला होता. लाकडी खोपटी, दालचिनीचा वास, साखरेत भाजलेले बदाम, मुलांचा गोल फिरणारा झुला. बर्फ भुरभुरायला लागलं, आयुष्यातलं पहिलं. तळहातावर पडलेला कण बघून मला खरंच आनंद झाला, हेही सांगून टाकतो. कुठे काही टोचलं नाही. बायकोसाठी सुऱ्यांचा संच घेतला, सहा सुऱ्या, लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या. त्यातल्या मोठीनं ती अजून शेवग्याच्या शेंगा कापते. "तुमच्या जर्मनीचं पातं काही बोथट होत नाही," म्हणते.

चारला कारखान्यात परतलो. वेंकोबाराव शेवटचा नग मोजत होते. सकाळपासून पोटात पाणीही नव्हतं. तक्ता सुवाच्य अक्षरात भरलेला, पन्नासपैकी एक नग बाद, बाजूला लाल खूण. मशीन चालवणारा माणूस मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, तुमचा मित्र दुपारी मला विचारत होता, दक्षिण कुठे? मी दाखवली. मग हात धुवायच्या बेसिनशी उभा राहून ओंजळीतून तीनदा पाणी सोडलं त्यानं. काही त्रास होतोय का त्याला?

"नाही," मी म्हणालो. "सवय आहे त्याला."

तिळांची डबी बेसिनच्या कडेला होती. तेलकट पाण्याच्या त्या बेसिनमध्ये दोन-तीन तीळ जाळीला चिकटून राहिले होते.

मंगळवारी सकाळचं विमान. दुपारी खिडक्या ओढून घेतल्या होत्या, सगळी माणसं अर्धवट झोपलेली. मी समोरच्या पडद्यावर एक हिंदी सिनेमा लावला. नाव सांगत नाही, सिनेमाची काही चूक नाही. एका लहान गावातली बाई इस्त्रीचं दुकान चालवते. मुलगा लांब बंदरावर नोकरीला. येतो येतो म्हणतो, दर वेळी काही निघतं. ती दर रविवारी त्याचा शाळेतला निळा शर्ट काढते, पाणी शिंपडते, इस्त्री करते आणि घडी घालून ठेवते. शर्ट आता त्याच्या मुलालाही लहान होईल. शेवटी तो येतो तेव्हा दुकान बंद असतं. शेजारीण त्याच्या हातात तो शर्ट देते. तो नाकाशी नेतो. इस्त्री अजून मोडलेली नसते.

मी रडलो. नुसतं डोळे ओले होणं नव्हे, हुंदके देऊन. आई तेव्हा सांगलीला धडधाकट होती, रोज सकाळी फिरायला जात होती, आणि मी पडद्यावरच्या बाईसाठी असा रडत होतो की हवाईसुंदरी पाणी घेऊन आली. मला वाटलं, मी किती हळवा माणूस आहे. हे खरोखर वाटलं मला.

शेजारून वेंकोबारावांनी विचारलं, "काय झालं हो सार? रडूलात कां?"

"सिनेमा आहे."

त्यांना हिंदी येत नाही. आवाज माझ्या कानात होता, पण चित्र ते मघापासून बघत असावेत. "आई मेली काय त्यात?"

"हो."

"मुलगा पोचला नाही?"

"नाही."

ते पडद्यावरच्या त्या माणसाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाप, बिचारा. कामावरच्यांनी सोडलं नसेल त्यास. त्याचा काय दोष?"

आणि खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला. चौपदरी घडी, तेलाचा वास. मी त्यात तोंड खुपसलं. ते माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. विमान उतरेपर्यंत मी एक वाक्य बोलू शकलो असतो. अजून पाच तास होते. मी दुसरा सिनेमा लावला, विनोदी.

मशीन जहाजानं आलं आणि ते बसवायला एप्रिलमध्ये मार्टिन चेन्नईला आले. उकाड्यानं लालबुंद झाले होते. कॅन्टीनमध्ये आम्ही तिघं एका टेबलावर जेवायला बसलो. मार्टिननी चमचा खाली ठेवला आणि वेंकोबारावांना म्हणाले, "एक सांगायचं राहिलं होतं. मी शनिवार मोकळा द्यायला तयार होतो. पण तुम्ही म्हणालात, काम हीच पूजा. मी बायकोला सांगितलं ते. माझी आई गेली तेव्हा मीही असाच मशीनवर होतो. पण मला कुणी विचारलं नव्हतं."

माझा घास हातातच राहिला.

वेंकोबारावांनी माझ्याकडे पाहिलं. दोन मायक्रॉन ओळखणारे डोळे होते ते. एका नगाला लागतो तितकाच वेळ लागला. मग ते मार्टिनकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "हो. मीच म्हणालो होतो."

आणि मला म्हणाले, "जेवा सार. सांबार निवेल."

ते सप्टेंबरात निवृत्त झाले. तोवरच्या पाच महिन्यांत त्यांनी एकदाही तो विषय काढला नाही. माझ्याशी बोलणं तोडलं नाही, कमीही केलं नाही. मी वाट बघत होतो, ते कुठेतरी बोलतील, साहेबांकडे जातील, निदान एखादा नग परत पाठवताना चारचौघांत झापतील. तसं झालं असतं तर मी सुटलो असतो. माणसानं शिव्या दिल्या की हिशेब मिटतो. या माणसानं मला शिव्यासुद्धा दिल्या नाहीत.

रुमाल माझ्याकडेच आहे. धुतला, इस्त्री केला, कपाटात ठेवला. मैलापूरला त्यांच्याकडे जाताना दोन-तीनदा खिशात घालून नेला आणि तसाच परत आणला. देताना काही तरी बोलावं लागलं असतं.

गेल्या वर्षी आई गेली. याच महिन्यात. मी पोचलो तेव्हा सगळं आटपलं होतं. मला कुणी अडवलं नव्हतं, रजा लगेच मिळाली, विमान उशिरा सुटलं एवढंच. तिच्या कपाटात माझा कोणताही शर्ट नव्हता. यंदा वर्षश्राद्ध आलं, तेव्हा भाऊ म्हणाला, मी सांगलीला करतो, तू तिथे कशाला त्रास घेतोस. मला ते सोयीचंच होतं. माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. तरी तिथी जवळ आली तसं घरात बसवेना.

वेंकोबारावांना कुणाकडून कळलं कोण जाणे. फोन आला. "कुलकर्णीसार, आईचं वर्ष ना? भट मी बोलावतो. आमच्याकडे या."

"दादा करतोय ना तिकडे."

"थोरल्यानं केलं म्हणून धाकट्यास आई नाही काय? सकाळी नऊस या. काही आणू नका."

गेलो. मैलापूरच्या त्यांच्या दोन खोल्यांत, तळ्याजवळ. दारात रांगोळी नव्हती. शेजारच्या सगळ्या दारांत होती, त्यांच्या नव्हती, कारण घरात श्राद्ध. माझ्या आईसाठी त्यांनी आपलं मार्गळीतलं दार कोरं ठेवलं होतं. आत त्यांची बायको अंबुजाबाई चुलीपुढे घामाघूम. तोंडली, कारल्याची भाजी, उडदाचे वडे. मला म्हणाल्या, "तुमच्या आईस काय आवडत होतं? ते सांगा, तेही करते." मला पटकन सांगता येईना. मग आठवलं, खपली गव्हाची खीर. चेन्नईत खपली गहू कुठून येणार? त्यांनी साध्या गव्हाची केली.

भटजी मंत्र सांगत होते, माझे उच्चार अडखळत होते. मी सवयीनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. वेंकोबाराव मागे भिंतीला टेकून बसले होते. आता त्यांना मोतीबिंदू झाला आहे, पण ते त्यांनी पाहिलं. म्हणाले, "घाई नको सार. आज कुणास कामावर जायचं नाही."

तो टोमणा होता की धीर होता? मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर कळलं असतं, म्हणूनच बघितलं नाही.

गच्चीवर पान ठेवलं. चेन्नईचे कावळे मानपान करत बसत नाहीत, पान ठेवायच्या आतच चार आले, वड्यावरून भांडले आणि पाच मिनिटांत सगळं फस्त. वेंकोबारावांनी डोळ्यांवर आडवा हात धरून विचारलं, "आले काय? मज नीट दिसत नाही."

"आले," मी म्हणालो.

"चोखट," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या आईचं समाधान होतं. आम्ही दोघंच होतो गच्चीवर. रुमाल खिशात होता. खाली कुणीतरी मृदंग जुळवत होतं, तोच एक ठोका परत परत. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "पायऱ्या जपून उतरा, शेवाळ आहे."

जे तिथे बोललो नाही ते आता इथे लिहितो आहे, आणि त्यातली लबाडीही सांगायला हवी. वेंकोबाराव मराठी बोलतात, पण त्यांना मराठी वाचता येत नाही. त्यांच्याकडे सगळ्यांचं तसंच आहे. शाळा तमिळ, घरची मराठी नुसती तोंडात. आईची मराठी गाणीसुद्धा त्यांनी वहीत तमिळ अक्षरांत उतरवून घेतली आहेत. हा लेख छापून त्यांच्या मांडीवर ठेवला तरी ते पानावरून हात फिरवून "बेस छापलं आहे" म्हणतील. हे ठाऊक आहे म्हणूनच मी इतकं मोकळं लिहू शकलो. तेव्हा हे लिहिणं त्यांच्या देण्याची फेड म्हणून धरू नये.

शनिवार मी परत देऊ शकत नाही, त्यांच्या आईची ती नवमी गेली. रुमाल देता येईल. पण आधी त्यांच्यासमोर बसून, तोंडानं, त्यांना समजेल असं एवढंच म्हणायचं आहे की त्या शनिवारी काम नव्हतं, मी खोटं बोललो. तेवढं मी वेंकोबारावांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.